दिवाळ्याची फी

१

बुधवारी सकाळी कुल्याशनं तिच्या रजयांच्या कारखान्यातली लोखंडी पेटी उघडली, तर आत पाकीट नव्हतं. पाकिटाच्या जागी चौकटीच्या वहीचा घडी घातलेला कागद होता.

मी भिंतीशी बसून रजईत लोकर भरत होते. तिनं पेटी बंद केली आणि पुन्हा उघडली. जणू दुसऱ्यांदा उघडली की पाकीट लाजून परत येईल.

"गेलं, अपा," ती म्हणाली. गल्लीत मला अपा म्हणतात, म्हणजे थोरली बाई.

त्या पाकिटात तीन लाख ऐंशी हजार तेंगे होते. कुल्याशच्या दिवाळ्याचे पैसे. दिवाळं काढायलाही पैसे लागतात, हे आमच्या झार्केंतमध्ये फार लोकांना माहीत नव्हतं. अर्जाचं शुल्क किरकोळ असतं, पण मालाची किंमत ठरवणारा वेगळे पैसे घेतो, कागद तयार करणारा वेगळे घेतो, आणि कोर्ट जो व्यवस्थापक नेमतं त्याचा पगार आगाऊ भरावा लागतो. खिशात दमडी नाही हे सिद्ध करायला आधी खिसा भरावा लागतो. मी वीस वर्षं कोर्टाच्या फरशा पुसल्या. तिथं येऊन परत गेलेले किती तरी लोक मी पाहिले, त्यातले निम्मे दिवाळ्याइतकेही श्रीमंत नव्हते म्हणून परत गेले.

कुल्याशचे पैसे गल्लीनं जमवले होते. कुणाचं घर जळलं, कुणाची गुरं मेली की आम्ही घरोघर फिरून थोडं थोडं गोळा करतो. त्याला झिलू म्हणतात, म्हणजे ऊब. दिवाळ्यासाठी ऊब गोळा करण्याची ही पहिलीच वेळ. बायका हसल्या, आणि दिले.

आता आजचा बुधवार. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अर्ज आत गेला तर कर्जवसुलीसाठी लावलेला यंत्रांचा सोमवारचा लिलाव थांबणार होता, आणि आठातली चार शिलाई यंत्रं पोटापाण्याची म्हणून तिच्याकडे राहिली असती. अर्ज गेला नाही तर आठही जाणार. तिचा नवरा, दुलात नावाचा, वारून दोन वर्षं झाली होती. त्या यंत्रांशिवाय तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"चिठ्ठी वाच," मी म्हणाले.

तिनं वाचली. अक्षरं शाळेतल्या तक्त्यासारखी सुटी सुटी काढलेली होती, हात ओळखू येऊ नये म्हणून.

'शोधू नका. पैसे चोरलेले नाहीत. एक तेंगाही कमी होणार नाही. रविवारी त्याच कठीण पेटीत परत मिळतील.'

"पोलिसात जाऊ?"

"जा. ते आधी कागद करतील. कागद होईपर्यंत सोमवार येईल."

पेटीची किल्ली घड्याळामागच्या खिळ्याला असते, हे आल्या-गेल्या सगळ्यांना ठाऊक. आदल्या दिवशी दुपारी कारखान्यात चहाला चौघं होते. कुल्याशचा बाप तेमिरखान, तिची वहिनी नाझिपा, लोकरीचा व्यापारी तुर्सिन आणि कागद करणारा मार्लेन. मीही होते, पण मी घेतलं असतं तर एवढी चिठ्ठी लिहायला मला दोन दिवस लागले असते.

"रविवारी परत देणार," कुल्याश म्हणाली. "मग नेलेच कशाला?"

तिनं विचारलेला प्रश्नच बरोबर होता. त्या माणसाला पैसे नको होते. त्याला शुक्रवार हवा होता.

२

तेमिरखान घरी बाजेवर बसून उन्हात पाठ शेकत होता. वय एक्याऐंशी. लेकीच्या दिवाळ्याविषयी त्यानं महिनाभर तोंड उघडलं नव्हतं. उघडलं ते मंगळवारच्या चहाला.

"काल काय म्हणालास लेकीला?" मी विचारलं.

"जे खरं ते. माझ्या सात पिढ्यांची नावं मला येतात. त्यात चोर आहे एक, घोडे पळवायचा. दिवाळखोर एकही नाही."

"म्हणजे चोर चालतो."

"चांगला चोर होता तो."

नाझिपा चहा घेऊन आली. या घरातली एकुलती एक सून. एकोणीस वर्षं झाली, अजून सासऱ्यासमोर डोक्यावरचा रुमाल सरकू देत नाही. हल्लीच्या पोरी सासऱ्याला हाक मारून मोबाइल मागतात, नाझिपा त्यांतली नाही. तिनं म्हाताऱ्याला आमच्या रीतीनं मानाचा अर्धा पेला दिला, मला अर्धा दिला, साय मात्र माझ्यात जास्त घातली.

"नवरा कधी येतोय गं?"

"आमचे हे? लांब वाटेवर आहेत. शनिवारी येतील." तिनं बौरसाकची, तळलेल्या गोळ्यांची ताटली पुढे सरकवली. "लाडकी कशी आहे, अपा? जेवली का?"

लाडकी म्हणजे कुल्याश. लग्न होऊन आली तेव्हापासून नाझिपा नणंदेला याच नावानं हाक मारते.

"जेवली नाही. पाकीट गेलंय तिचं, जागी चिठ्ठी ठेवलीय."

नाझिपाच्या हातातली किटली हलली नाही. म्हातारा मात्र हलला.

"माझ्याकडे बघू नकोस, शारबानू. मला अर्ज नको होता हे खरं. पण मी चिठ्ठ्या लिहीत बसणारा माणूस आहे का? मला थांबवायचं असतं तर मी ती लोखंडी पेटीच उचलून आणली असती आणि तिच्यावर बसलो असतो."

"उचलली असतीस या वयात?"

"बसलो तरी असतो." तो चहा प्यायला. "तुर्सिनला विचार. मेल्यानं यंत्रांचा भाव आधीच ठरवलाय. परवा बाजारात सांगत होता, सोमवारी सहा यंत्रं घेतो, दोन तुम्ही घ्या."

मी उठले. नाझिपा पेले गोळा करत होती. ती म्हणाली, "अपा, पाकीट येईल परत." मी म्हणाले, "तुझ्या तोंडात साखर पडो."

मी तुर्सिनकडे निघाले, तेव्हा मला वाटत होतं की काम संपलंच.

३

तुर्सिन लोकरीच्या गाठोड्यावर बसून कलिंगड खात होता. मला बघून त्यानं सुरी पुढे केली, म्हणजे मी कापून घ्यावं.

"बस, अपा. चौकशीला आलीस ना? गल्लीत कळलंय. माझं नाव पहिलं का दुसरं?"

"दुसरं."

"वाईट वाटलं." त्यानं बी थुंकली. "बाप तेमिरखान. नावातच लोखंड. पोरगी मात्र मोडली. हसायचं नाही, पण हसू येतं."

"तुझं तिच्याकडे किती अडकलंय?"

"दोन वर्षांची लोकर. तिनं दिवाळं काढलं की ते पैसे मेले. कोर्ट माझं नाव यादीत लिहील, आणि ती यादी मी भिंतीला लावून बघत बसायचं. तेव्हा सोमवारी यंत्रं स्वस्तात घेतो, तेवढंच वसूल. यात लपवण्यासारखं काय आहे?"

"म्हणजे अर्ज शुक्रवारी जाऊ नये असं तुलाही वाटतं."

"वाटतंच. कालच्या चहाला मी तिच्या तोंडावर बोललो. म्हाताराही बोलला. तो मार्लेनही मनात म्हणत असेल, कागदांची मुदत संपली तर पुन्हा पैसे." तो हात पुसत माझ्याकडे वळला. "पण अपा, चिठ्ठीत काय लिहिलंय? परत देणार. मला ओळखतेस तू तीस वर्षं. मी कधी कुणाला काही परत दिलंय?"

दिलं नव्हतं. माझी एक कढई अकरा वर्षं त्याच्याकडे आहे.

"मी घेतले असते तर ते माझ्या थकबाकीत वळते केले असते आणि पावती ठेवली असती," तो म्हणाला. "रविवारी परत ठेवायला जो पुन्हा पेटीकडे जाणार, तो कुल्याशचं वाईट चिंतणारा नाही. वाईट चिंतणारा मी आहे, आणि मी इथं बसलोय."

मला हे पटलं, आणि आवडलं नाही. मी कलिंगड खाऊन मार्लेनच्या ऑफिसात गेले. तो अल्माटीत शिकलेला पोरगा. केस चापून बसवलेले. टेबलावर दर लिहिलेला पुठ्ठा. दिवाळं, साधं. दिवाळं, तातडीचं.

"आज्जी, मी कशाला घेईन? त्यातला अर्धा पैसा शुक्रवारी माझाच होता."

"आणि मुदत संपली तर पुन्हा तुझाच."

तो थोडा लाल झाला. मी चिठ्ठी त्याला दाखवली, घडी घालून ठेवली आणि म्हणाले, आता हेच आठवून आपल्या कझाखमध्ये लिहून दे. त्यानं लिहिलं. चार ओळींत सहा चुका. आमच्या भाषेची जी खास अक्षरं आहेत, ती रशियन शाळेत शिकलेल्यांच्या हाताला येत नाहीत. तो ती गाळून लिहीत होता. मूळ चिठ्ठीत एकही चूक नव्हती.

"तुमचं आडनाव सांगा, आज्जी," तो पुटपुटला, "तुम्ही पोलिसात होता का?"

"झाडू मारायला होते. कोर्टात."

म्हातारा गेला, तुर्सिन गेला, मार्लेनही गेला. चौघांतून तीन वजा केल्यावर काय उरतं ते मला येत होतं. पण ती कुल्याशला लाडकी म्हणणारी बाई. कारण दिसत नव्हतं, आणि कारणाशिवाय माणसाचं नाव घ्यायचं नसतं.

४

मी घरी येऊन चिठ्ठी खिडकीत उजेडाला धरली. अक्षरं मी चाळिशीनंतर शिकले, कोर्टाच्या फळ्यावरच्या नोटिसा बघून बघून. त्यामुळे मला अंदाजानं वाचता येत नाही. लोक शब्दाचं डोकं बघतात आणि शेपूट स्वतः लावतात. मी डोक्यापासून शेपटापर्यंत जाते.

शो-धू न-का. पै-से.

शेवटच्या ओळीत अडखळले. कठीण पेटीत.

सकाळपासून ही चिठ्ठी सहा जणांनी वाचली होती, आणि सगळ्यांनी 'लोखंडी पेटीत' असंच वाचलं असणार, कारण त्या पेटीला गल्लीत दुसरं नावच नाही. म्हातारा लोखंडी म्हणाला. कुल्याश तर रोज म्हणते. कठीण पेटी असं जन्मात कुणी म्हणत नाही. लाकडी पेटीसुद्धा कठीणच असते.

मग मला दुपारचा चहा आठवला. नवरा कधी येतोय, असं मी विचारलं होतं. नाझिपाचा नवरा कैसार नोकरीला आहे रेल्वेवर, आणि रेल्वेला आमच्याकडे लोखंडी वाट म्हणतात. लहान पोरंही तेच म्हणतात. नाझिपा म्हणाली होती, लांब वाटेवर.

मी चिठ्ठी घडी करून छातीशी ठेवली आणि पुन्हा तेमिरखानच्या घराकडे चालू लागले. तेमिर म्हणजे लोखंड.

५

म्हातारा मशिदीत गेला होता. नाझिपा अंगणात जर्दाळू पसरत होती. मी तिच्याशेजारी बसून कुजके वेचू लागले.

"पोरी, एक काम कर. माझे डोळे गेलेत. ही चिठ्ठी वाचून दाखव."

तिनं हात पुसले आणि वाचली, नीट, न अडखळता. कठीण पेटीसुद्धा.

"बरं. आता सांग, ती पेटी कशाची आहे?"

"कुठली?"

"कारखान्यातली. कशाची बनवलीय? लाकडाची?"

"नाही."

"मग?"

ती जर्दाळूंकडे बघत राहिली. एकोणीस वर्षांत सासऱ्याचं नाव तिच्या जिभेवर आलं नव्हतं. विळ्याला ती कापणी म्हणते, तव्याला काळा म्हणते, नालाला घोड्याचा जोडा म्हणते. सुनेनं सासरच्या थोरांचं नाव घ्यायचं नाही, आणि नाव ज्या शब्दात दडलंय तो शब्दही घ्यायचा नाही. आमच्या आया तसंच करायच्या. आता कुणी करत नाही. या गल्लीत ती एकटीच उरली होती.

"म्हण ना, एक शब्द आहे."

"अपा, मला नाही म्हणवत," ती हळूच म्हणाली. मग तिला कळलं की मी का विचारतेय, आणि ती हसली. हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्षर बदललं. डावा हात वापरला. वही शेजारणीची घेतली. आणि हे लक्षातच आलं नाही."

"हाताला सवय असते. पैसे कुठंत?"

"पिठाच्या पिंपात. एक तेंगाही हलवला नाही."

"ते मला ठाऊक आहे. का, ते सांग."

ती आत गेली आणि एक कागद घेऊन आली. मी तो सावकाश वाचला. तिला घाई नव्हती, मलाही नव्हती. तो जामिनाचा कागद होता. तीन वर्षांपूर्वी कुल्याशचा नवरा दुलात कर्ज काढायला गेला तेव्हा सावकारी कंपनीनं जामीनदार मागितला. दुलात नाझिपाकडे आला. तिच्या नावावर तिच्या आईचं घर आहे, नदीकडेला, दोन खोल्या आणि जर्दाळूची झाडं, सध्या भाड्यानं दिलेलं. तीन महिन्यांत फेडतो, कुणाला सांगू नकोस, असं म्हणाला. तिनं सही केली. नवऱ्याला सांगितलं नाही, सासऱ्याला नाही, कुल्याशलाही नाही. मग दुलात वारला आणि कर्ज कुल्याशच्या डोक्यावर आलं.

"लाडकीनं अर्ज केला की त्याच घटकेला कंपनीला मोबाइलवर कोर्टाचं पत्र जातं," नाझिपा म्हणाली. "तिचं कर्ज कोर्टात गोठतं. माझी सही गोठत नाही. ते माझ्याकडे येतील. मार्लेनच चहाला बोलून गेला, जामीनदार असेल तर त्याचं मरण. असंच म्हणाला तो, गंमत म्हणून. मी किटली धरून उभी होते."

"मुदत कधीपर्यंत आहे?"

तिनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. जामीन तीन वर्षांचा. शुक्रवारी संपत होता. शनिवारी उजाडल्यावर कंपनीला तिचं दार वाजवता आलं नसतं.

"मला फक्त दोन दिवस हवे होते, अपा."

"त्या दोन दिवसांची किंमत आठ यंत्रं आहे."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून तर झोप नाही."

मी कोर्टात खूप चोर पाहिले. पिठाच्या पिंपाशेजारी बसून रडणारा त्यात नव्हता. पण मी निवाडा करणारी नव्हे. निवाडा करायचा हक्क कुल्याशचा होता.

"नाव मी सांगणार नाही," मी उठत म्हणाले. "तू सांग. उद्या सकाळीच."

६

गुरुवारी सकाळी कारखान्यात आम्ही तिघीच होतो. नाझिपानं पिठाळलेलं पाकीट मशीनवर ठेवलं, शेजारी जामिनाचा कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. कुल्याश रजईची कड शिवत होती. ती शिवतच राहिली.

"दाखल कर, लाडके," नाझिपा म्हणाली. "अजून दीड दिवस आहे. घर जायचं तर जाऊ दे. भाडेकरूंना मी सांगेन. यांना पण मीच सांगेन."

"तू सही कुणासाठी केलीस?"

"तुमच्यासाठी."

"त्यानं मला सांगितलं नाही," कुल्याश म्हणाली. सुई थांबली. "तीन वर्षं तू माझ्याकडे येऊन रजया भरतेस. पैसेही घेत नाहीस. मला वाटायचं, दयाळू आहे. तू बघायला यायचीस, कारखाना चालतोय का."

"दोन्ही," नाझिपा म्हणाली.

कुल्याश मला म्हणाली, "अपा, तुम्ही कोर्टात होता. माणसं काय करतात अशा वेळी?"

"माणसं वकिलाला विचारतात. वकील म्हणतो, आपलं बघा."

तिनं जामिनाचा कागद वाचला. तारीख पुन्हा पुन्हा वाचली. मग आठही यंत्रांकडे एकेक करून बघितलं. त्यातलं तिसरं सुरुवातीपासून टाका चुकवतं. त्याच्याकडेही तितकाच वेळ बघितलं. पाकीट उचललं, त्यावरचं पीठ झटकलं आणि नाझिपाच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुझ्याकडेच ठेव. रविवारी पेटीत ठेव. तसंच लिहिलंयस ना."

नाझिपानं मान खाली घातली. कुल्याश म्हणाली, "आणि वहिनी, उरलेल्या चार रजया आज संपवायच्यात. यंत्रं आहेत तोवर." मग तिघींनी सुया हातात घेतल्या.

शुक्रवार आला आणि गेला. सोमवारी ट्रक आला. तुर्सिननं सहा यंत्रं घेतली, दोन दुसऱ्या कुणी घेतली. नाझिपानं प्रत्येक यंत्र उचलायला हात लावला, आणि हमाल म्हणाले, बाई, बाजूला व्हा, तुमचं काम नाही हे. ती बाजूला झाली नाही. म्हाताऱ्यानं मला विचारलं, चोर सापडला का? मी म्हणाले, पैसे परत आलेत, परत आलेल्या वस्तूचा चोर विचारायचा नसतो. तो म्हणाला, हे बरोबर आहे.

यंत्रं विकूनही कर्ज उरलंच होतं, म्हणून त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही कोर्टात गेलो, मी, कुल्याश आणि नाझिपा. काही दाखल्यांची मुदत संपली होती, त्यांचे पैसे पुन्हा भरावे लागले. मार्लेननं ते अर्ध्या दरात करून दिले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. खिडकीत सौले बसली होती. मी कामावर होते तेव्हा ही नवीन लागली होती. तिनं कागद चाळले, लिलावाची तारीख बघितली आणि चष्मा काढला.

"बाई, हे मागच्या शुक्रवारी का नाही आणलंत? लिलाव थांबला असता. अर्धी यंत्रं तरी वाचली असती. पैसे तर तेव्हाच जमले होते म्हणे, सगळी गल्ली सांगत होती."

नाझिपा खिडकीपासून दोन पावलं मागं सरकली.

"जमले होते," कुल्याश म्हणाली. "पण फी पुरत नव्हती."

"आणि आता पुरली?"

"आता पुरली."

सौलेनं खांदे उडवले आणि शिक्का मारला.